घरातली घरघर

(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष, कला)

'झोपण्याच्या खोलीत संगणक ठेवू नये' असा सल्ला आजकाल सगळेच देतात. वर्तमानपत्राच्या आरोग्याच्या पानावर तो असतो, पाहुण्यांच्या तोंडी असतो, आणि मोबाईलवर तर रोज सकाळी येतो. मला या सल्ल्याचे हसू येते. आमच्या घरात झोपण्याची म्हणून वेगळी खोलीच नाही. दहा बाय बाराची एक खोली, तिच्यापुढे पत्र्याचा आडोसा आणि आडोशाखाली सिमेंटचा कट्टा, एवढे आमचे इचलकरंजीतले घर. एका भिंतीला स्वयंपाकाचा ओटा, दुसरीला आईचे शिलाई मशीन, तिसरीला लोखंडी कॉट, आणि कॉटच्या उशाशी जुन्या टेबलावर माझा संगणक. रात्री कॉटवर आबा झोपतात; खाली आई, धाकटा भाऊ आणि मी. तेव्हा आमच्या संगणकाने झोपण्याच्या खोलीतून जावे तरी कुठे?

या लेखाचा विषय त्या संगणकाच्या पंख्याचा आवाज हा आहे. 'इतक्या क्षुल्लक गोष्टीवर वार्षिक अंकात लेख?' असे माझ्या एका मैत्रिणीने विचारलेच. बेकारी, हुंडा, पर्यावरण असे मोठमोठे विषय सोडून पंखा! पण मित्रमैत्रिणींनो, मोठ्या विषयांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. ज्या गोष्टीमुळे आमच्या घरात दोन महिने कोणाला धड झोप मिळाली नाही आणि माझे शिक्षण थांबते की काय अशी वेळ आली, ती गोष्ट क्षुल्लक आहे की नाही, हे आपण लेख वाचून ठरवावे.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आबा सातवीपर्यंत शिकले आणि मागावर गेले. आईची चौथी झाली. गेल्या दिवाळीत आबांचा बोनस आणि आईने ब्लाउज शिवून साठवलेले पैसे मिळून साडेसहा हजारांना एक संगणक घरी आला. कुठल्याशा ऑफिसने मोडीत काढलेला, दुकानदाराने पुसून विकायला ठेवलेला. आईने त्याला हळदीकुंकू लावले, नारळ फोडला. मोबाईलवर वाचता येते हे खरे, पण वीस पानांचा प्रकल्प मोबाईलवर टाईप करून पाहा, म्हणजे बोटांचे काय होते ते कळेल.

आता कोणी म्हणेल, रात्रीच का बसायचे? दिवसा कॉलेज, दुपारी आईला काजे-बटणाची मदत, संध्याकाळी स्वयंपाक. मला टेबलापाशी बसायला दहा वाजतात. आमच्या भागात अभ्यासिका आहे, ती उशिरापर्यंत उघडी असते. माझ्या वर्गातील मुलगे तिथे जातात. मुलीला नऊच्या आत घरात यावे लागते. त्याबद्दल मी घरच्यांशी भांडत नाही. गल्ली कशी आहे ते मलाही ठाऊक आहे. पण याचा अर्थ एवढाच, की मुलाच्या अभ्यासाला अख्खे गाव मोकळे आहे आणि माझ्या अभ्यासाला झोपलेल्या माणसांच्या उशाशी असलेले एक टेबल. त्या टेबलावरचे यंत्र आवाज करू लागले, की माझा अभ्यास आणि घरच्यांची झोप यांची सरळ मारामारी सुरू होते.

दिवाळीत यंत्र सौम्यपणे घुं घुं करीत होते. डिसेंबरअखेर त्याची घरघर झाली. संक्रांतीनंतर ते अधूनमधून एकदम चढ्या आवाजात किंचाळू लागे, मग खाली येई, मग पुन्हा चढे. फेब्रुवारीतली गोष्ट. प्रकल्प दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. थंडीमुळे छताचा पंखा बंद होता, त्यामुळे संगणकाचा पंखा खोलीभर घुमत होता. साडेबाराच्या सुमारास आबा उठून बसले. मला वाटले, आता ओरडणार. त्यांनी मुकाट्याने घोंगडी आणि उशी घेतली आणि कडी काढली.

"आबा, बंद करते. तुम्ही आत झोपा."

"तुझं चालू दे. माझं काय, कुठंबी झोपतो."

आणि ते बाहेर कट्ट्यावर जाऊन झोपले. मी प्रकल्प पुरा केला. पहाटे पाहिले, तर घोंगडी अंगाभोवती गुंडाळून ते बसूनच होते. सातच्या पाळीला गेले. बारा तास मागावर उभे राहून आले. त्या प्रकल्पाला मला चांगले गुण मिळाले; पण ते गुण मी घरी सांगितले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी हा प्रकार ज्यांना ज्यांना सांगितला, त्या सर्वांचे उत्तर एकच: 'सवय होईल.' शेजारच्या काकू तर हसून म्हणाल्या, "अगं, तुझ्या बाची हयात मागाच्या खडखडाटात गेली. त्याला एवढ्याशा पंख्याचं काय?" या 'सवय होईल' बद्दलच मला मुख्यतः बोलायचे आहे.

आमचे गाव आवाजावरच वाढलेले आहे. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग सुरू केला, आणि तेव्हापासून गल्लोगल्ली माग पसरत गेले. नव्या माणसाला इथे पहिल्या रात्री झोप येत नाही. आम्हांला माग बंद पडले की जाग येते. पण धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज नव्वद डेसिबलच्या वर जातो आणि तिथे वर्षानुवर्षे उभे राहणाऱ्याच्या कानांतले सूक्ष्म केशपेशींचे थर मरत जातात. माणसाच्या कानात त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. सुरुवात चार हजार हर्ट्झच्या आसपासच्या वरच्या पट्टीपासून होते. म्हणून आबांना बोलण्यातले 'स' आणि 'श' नीट ऐकू येत नाहीत. ते आमच्या ओठांकडे बघत बोलतात. 1948 च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांमध्ये, आवाजाने येणाऱ्या या बहिरेपणाचा समावेश होता. ज्याला काकू 'सवय' म्हणतात, त्याला कायद्याच्या पुस्तकात रोग म्हटले होते.

बरे, ऐकू कमी येते म्हणून त्रास कमी होतो, असेही नाही. संगणकाच्या पंख्याच्या आवाजात दोन गोष्टी असतात: एक बारीक शिट्टी आणि एक खालच्या पट्टीतली घरघर. शिट्टीने आईचे डोके दुखे. आबांना ती ऐकूच येत नसे. पण घरघर आबांच्या उरल्यासुरल्या कानात नेमकी शिरे. त्यातून तो आवाज एकसारखा असता तरी एक वेळ चालले असते. उन्हाळ्यात छताचा पंखा रात्रभर फिरतो, त्याने कोणी जागे होत नाही. संगणकाचा पंखा मात्र चढतो, उतरतो, थांबल्यासारखे करतो आणि पुन्हा चढतो. झोपेत डोळे मिटलेले असतात, कान उघडेच असतात. आणि बदलणाऱ्या आवाजाकडे त्यांचे लक्ष जातेच.

थोडे आकडे सांगते. आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि त्याचे गणित आपल्या नेहमीच्या बेरजेचे नसते. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट होते आणि कानाला तो आवाज साधारण दुप्पट वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेने 1999 साली दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणे झोपण्याच्या खोलीत सतत चालणारा आवाज तीस डेसिबलच्या आत असावा. आपल्या देशातील 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. ही मर्यादा घराबाहेरच्या परिसराची आहे. मी आबांच्या उशीवर मोबाईल ठेवून आवाज मोजला, तेव्हा आकडा 47 आला. मोबाईलचे मोजमाप काटेकोर नसते, हे आमच्या शास्त्र शाखेच्या सरांनी बजावले होते. पण त्याच मोबाईलने त्याच जागी आधी आणि नंतर मोजले तर फरक कळतो, असेही ते म्हणाले. रस्त्यासाठी सरकारने घातलेली मर्यादा आमच्या उशाशी ओलांडली जात होती, आणि तक्रार करायची तर ती माझ्याच विरुद्ध करावी लागली असती!

दुकानदाराकडे गेले. तो म्हणाला, "मशीन आहे ताई, आवाज करणारच. नाहीतर नवीन घ्या." जणू साडेसहा हजार माझ्या ओढणीच्या टोकाला बांधलेले होते. तेव्हा मी ठरवले, की हा आवाज येतो तरी कुठून ते आपणच पाहायचे. मी कला शाखेची. 'तुला त्यातलं काय कळतंय?' हे वाक्य मला तीन वेगवेगळ्या मुलांनी ऐकवले. कॉलेजच्या ग्रंथालयातले एक पुस्तक आणि सरांची दोन मधल्या सुट्ट्यांतली शिकवणी, एवढ्यावर मला जे कळले ते असे.

संगणक चालताना प्रोसेसर तापतो. त्याच्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांचा एक ठोकळा बसवलेला असतो. उष्णता प्रोसेसरमधून ठोकळ्यात जाते आणि पंखा ती पट्ट्यांमधून उडवून लावतो. पट्ट्यांच्या फटी बुजल्या, की उष्णता अडकते. यंत्र आपले तापमान मोजतच असते. ते वाढले की पंख्याचा वेग वाढवते. म्हणजे पंखा ओरडतो तो बिघडलेला असतो म्हणून नव्हे, तर त्याचा श्वास कोंडलेला असतो म्हणून. शिवाय पंखा खोलीतलीच हवा आत घेतो, त्यामुळे खोलीपेक्षा थंड तो कशालाच करू शकत नाही. मे महिन्यात आवाज अधिक का येतो, याचे हे कारण.

एका रविवारी वीज बंद केली, वायर काढली आणि कॅबिनेटची बाजू उघडली. आत पाहते तो काय, ठोकळ्याच्या पट्ट्या दिसतच नव्हत्या. त्यांच्यावर पांढुरक्या करड्या रंगाचा, बोटाएवढा जाड नमदा बसला होता. धूळ होतीच, पण बहुतेक सगळा कापूस होता. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना माग आहेत आणि आबांच्या कपड्यांवरून, केसांवरून कापसाचे बारीक तंतू रोज घरात येतात. तेच तंतू पंखा रात्रंदिवस ओढून घेत होता. आबा शेजारी उभे होते. त्यांनी तो नमदा चिमटीत धरून बघितला आणि म्हणाले, "हे तर आमच्याच शेडमधलं हाय."

पुढची दोन तासांची कामगिरी आम्ही दोघांनी केली. भिंत रंगवायचा जुना, कोरडा ब्रश आणि सायकलला हवा भरायचा पंप ही आमची हत्यारे. हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी लागतात, नाहीतर तो गरगर फिरून त्याचे बेअरिंग खराब होते. प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामध्ये एक मऊ लेप असतो. तो इतक्या वर्षांत वाळून खडूसारखा झाला होता. तो पुसून 120 रुपयांची नवी नळी आणली आणि वाटाण्याएवढा लेप लावला. ठोकळ्यावरचा पंखा साध्या बेअरिंगचा होता आणि त्याचे तेल सुकले होते. मधला कागद उचलून आईच्या शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडला. कॅबिनेटच्या मागच्या बाजूला 80 मिलिमीटरचा पंखा होता, तो फारच कुरकुरत होता; तिथे 92 च्या पंख्यासाठीही भोके होती, म्हणून 280 रुपयांचा मोठा पंखा बसवला. मोठा पंखा सावकाश फिरूनही तेवढीच हवा ढकलतो. एका डब्याला मात्र आम्ही हात लावला नाही: वीजपुरवठ्याचा डबा. वायर काढल्यावरही त्याच्या आतले कपॅसिटर वीज धरून ठेवतात, आणि तो झटका जिवावर बेतू शकतो. त्याच्या जाळीतून बाहेरूनच हवा मारावी. हे मी मुद्दाम ठळकपणे लिहिते आहे, कारण माझा लेख वाचून कोणी भलतेच धाडस करू नये.

सगळे जोडून सुरू केले. आवाज उतरला होता, पण एक बारीक थरथर राहिली होती. मी कागदाची सुरळी कानाला लावून शोधत बसले. आबांनी कॅबिनेटवर नुसता तळहात ठेवला. मागाचा कुठला भाग ढिला झाला, हे खडखडाटात कानाला कळत नाही, ते हाताला कळते. त्यांचा हात त्यात मुरलेला आहे. क्षणात म्हणाले, "हितला पत्रा थरथरतोय. आन् खाली टेबल बी." टेबल प्लायवूडचे, आतून पोकळ, ते ढोलकीसारखे वाजत होते. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून पत्र्याच्या सांध्यात आणि कॅबिनेटच्या चारी पायांखाली घातले. शेवटी संगणकाच्या मूळ मांडणीत जाऊन पंख्याचा वेग असा ठरवला, की तापमान थोडे वर-खाली झाले म्हणून तो लगेच उसळू नये. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे पंधरा डेसिबलने उतरतो. म्हणून वेग थोडा जरी कमी करता आला, तरी कानाला मोठा आराम पडतो. मात्र आधी सफाई, मग वेग. कोंडलेल्या यंत्राचा वेग कमी केला तर ते तापून आपणहून मंद होते किंवा बंद पडते.

उशीवर मोबाईल ठेवला. आकडा 36. तीसच्या आत आम्ही अजून नाही, पण पूर्वीपेक्षा अकराने कमी, म्हणजे कानाला निम्म्याहून कमी. एकूण खर्च 400 रुपये. त्या आठवड्यात एका रात्री अकराच्या पुढे आबांनी डोळे न उघडताच विचारले, "आज मशीन बंद हाय व्हय?" मशीन चालू होते.

आता माझे मत सांगते. बाजाराने शांतता ही चैनीची वस्तू करून टाकली आहे. 1984 साली आलेल्या पहिल्या मॅकिंटॉश संगणकात पंखाच नव्हता. स्टीव्ह जॉब्ज यांचा तसा आग्रहच होता. 2020 पासून त्याच कंपनीचे एक पंख्याविना चालणारे लॅपटॉप पुन्हा मिळू लागले, आणि ते उत्तम चालतात असे म्हणतात. पण त्यांची किंमत आबांच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी आहे. म्हणजे ज्याच्या घरी तीन खोल्या आहेत आणि ज्याला आवाजाचे यंत्र दुसऱ्या खोलीत ठेवता येते, त्यालाच मुका संगणक परवडतो. आणि ज्या घरात पाच पावलांत सगळा संसार आहे, त्याच्या वाट्याला ऑफिसांनी टाकलेले, धुळीने भरलेले, ओरडणारे यंत्र येते. या उलट्या न्यायाबद्दल कोणी बोलत नाही. मोडीतले यंत्र घ्यायला माझी ना नाही. तेच आम्हांला परवडते, आणि ते फेकून देण्यापेक्षा वापरलेले बरे. पण विकणाऱ्याने कॅबिनेटचा पत्रा बाहेरून पुसण्याऐवजी आतून झाडावा, एवढी तरी अपेक्षा धरायची की नाही? आणि घेणाऱ्यानेही 'मेमरी किती, वेग किती' याबरोबर 'जरा चालू करून दाखवा, कान लावून बघू द्या' एवढे म्हणायला शिकले पाहिजे.

काही उपाय लोक सुचवतात, ते घातक किंवा स्वार्थी आहेत. यंत्र कपाटात कोंडू नये, गोधडीने झाकू नये. हवा कोंडली की ते अधिकच ओरडते आणि लवकर मरते. गोधडी लावायचीच तर ती समोरच्या उघड्या सिमेंटच्या भिंतीवर टांगावी. घुमारा थोडा कमी होतो. पंखा काढून टाकणे हा तर वेडेपणाच. आणि 'हेडफोन लाव की' हा सल्ला देणाऱ्यांना मी विचारते, हेडफोनने माझे कान शांत होतील. शेजारी झोपलेल्याचे काय? त्याने कानात बोळे घालायचे? जो अभ्यास करतो त्याने आवाज करायचा आणि जो राबून आला त्याने तो सोसायचा, ही वाटणी मला मान्य नाही.

माझ्यावर एक आक्षेप येईल तोही मला ठाऊक आहे. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतींनी खिडक्या हादरतात, त्यावर लिहायचे सोडून ही मुलगी वीतभर पंख्यावर लिहिते! त्या भिंतींविरुद्ध जरूर लिहावे, मीही लिहीन. परंतु त्या वर्षातून काही दिवस वाजतात आणि त्यांना थांबवणे माझ्या हातात नाही. माझ्या टेबलावरचा आवाज वर्षातल्या दोनशे रात्री असतो आणि तो थांबवणे पूर्णपणे माझ्या हातात आहे. जे हातात आहे तेवढेही न करता मोठ्या गोष्टींवर भाषण देणे मला जमणार नाही.

आपल्या महाविद्यालयाकडे माझी दोन मागणी आहेत. पहिली, संगणक कक्ष सध्या कॉलेजच्या वेळेतच उघडा असतो. तो निदान परीक्षेच्या दिवसांत संध्याकाळी दोन तास मुलींसाठी उघडा ठेवावा. आठच्या आत आम्ही घरी पोहोचू शकतो. दुसरी, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्ही रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्यातला एक दिवस घरचे संगणक उघडून झाडायला द्यावा. ज्या गावाची हवाच कापसाने भरलेली आहे, तिथे दर तीन महिन्यांनी ही सफाई लागतेच. यात फारशी विद्या नाही. हे मुलांचे काम, ते शास्त्रवाल्यांचे काम, अशी जी भिंत आपण घालून घेतली आहे, ती पाडली म्हणजे पुरे.

एक गोष्ट मात्र माझ्याने झाली नाही, ती लपवून ठेवत नाही. घरातली घरघर मी चारशे रुपयांत कमी केली. शेडमधला आवाज तेवढाच आहे. आबांसाठी मी कानात घालायच्या फोमच्या गोळ्या आणल्या. दोन दिवस घातल्या आणि ठेवून दिल्या. शेडमध्ये दुसरे कोणीच घालत नाही, लोक हसतात, म्हणाले. त्या गोळ्या अजून देव्हाऱ्याशेजारच्या डबीत आहेत. मी अधूनमधून आठवण करते. ते "बघू" म्हणतात. ते 'बघू' खरे होईपर्यंत मी आठवण करीत राहणार आहे, कारण 'सवय होईल' हे उत्तर मी एकदा घरात खोडून काढले आहे.

असो. लेख लांबला. ज्यांच्या घरी संगणक ओरडतो आणि उशाशी कोणीतरी झोपलेले असते, त्यांनी मधल्या सुट्टीत मला भेटावे. मी ग्रंथालयातल्या खिडकीजवळच्या बाकावर असते. ब्रश आणि पंप माझ्याकडे आहे. लेपाची नळीही निम्मी शिल्लक आहे.